गुणाजीचा पास

रोह्याच्या एसटी स्टँडवर मी एकोणीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत काढली. खिडकीतल्या माणसाला लोकांचे हात तेवढे दिसतात, तोंडं बघायला वाकावं लागतं, आणि मी आळशी. तरी मला माणसांची पारख आहे असा माझा मोठा समज होता. गुणाजीला महिन्याच्या पासची कल्पना मीच दिली, आणि पुढे बरेच दिवस ती चारचौघांत माझी म्हणून मिरवलीही. आता मिरवत नाही.

गुणाजी मूळचा कासूकडचा, जातीने न्हावी. त्याचा बाप तिथल्या तीन वाड्यांची गावकी करायचा. गावकी म्हणजे वर्षभर घरोघर जाऊन हजामती करायच्या, लग्नात नवरदेवाच्या मागेपुढे राबायचं, कोणी मेलं की दहाव्याला नदीवर हजर राहायचं, आणि सुगीला प्रत्येक घराकडून ठरलेलं भात घ्यायचं. ठरलेलं म्हणायचं ते तोंडदेखलं. गुणाजी बापाबरोबर खळ्यावर जायचा तेव्हा घरचं भात आत जाईपर्यंत, गड्यांचं वाटून होईपर्यंत हे दोघे कडेला उन्हात उभे असायचे. शेवटी खळं झाडून जे निघेल ते, मातीसकट, यांच्या फडक्यात पडायचं. बाप ते कपाळाला लावायचा. गुणाजीने ही गोष्ट मला निदान वीसदा सांगितली असेल, आणि दर वेळी कपाळाला लावण्यापाशी आला की तो थांबायचा आणि वस्तरा पट्ट्यावर जरा जास्तच जोरात घासायचा.

बाप गेल्यावर गावकी याच्याकडे आली. याने ती चुलतभावाला देऊन टाकली, बायकोला घेतलं, आणि धाटावचे कारखाने नवे नवे चालू झाले होते त्या सुमारास रोह्यात येऊन स्टँडसमोर दुकान टाकलं. दुकान कसलं, दहा फुटांची खोली. पण आत फिरती खुर्ची होती, समोर पुरुषभर आरसा होता. तो मला म्हणाला होता, "भाऊ, आता मानूस माज्या दारात येनार, माज्या खुर्चीत बसनार. मी वस्तरा घेऊन कोनाच्या दारात जानार नाय." एवढंच त्याला आयुष्यात पाहिजे होतं. दुसरी काही हौस मी त्याच्यात पाहिली नाही. वयाने तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो, आणि हे आम्हा दोघांनाही कधी खटकलं नाही.

दुकान चालायचं, पण कसं, तर रविवारी पाय ठेवायला जागा नाही आणि आठवड्यात माश्या. आमच्या लोकांचे केस कापायचे वार तुम्हाला ठाऊकच आहेत. सोमवार नको, मंगळवार नको, शनिवार तर नकोच, अमावास्या असली की बुधवारही गेला. त्यात श्रावण आला की सगळं रोहं दाढी वाढवून ऋषी होऊन बसतं. त्या महिन्यात गुणाजी खुर्चीत स्वतःच बसलेला असायचा, आणि मी खिडकीतून बघायचो. घरी सगुणा, त्याची बायको, तांदळाचा डबा हलवून बघायची, असं तोच सांगायचा.

अशाच एका श्रावणात मी त्याला म्हणालो, "अरे, आमच्या एसटीचा पास असतो ना, तसा तू काढ. महिन्याचे दहा रुपये आधी घ्यायचे. एकदा केस, आठवड्याला दोन दाढ्या. आला तर आला, नाही आला तर तुझा फायदा. श्रावण असो नाहीतर अमावास्या, पहिल्या तारखेला तुझे पैसे हातात."

तो वस्तरा तसाच धरून उभा राहिला. "लोक देतील?"

"शाळेची पोरं देतात, कारखान्याचे कामगार देतात. पास म्हटलं की माणूस देतो."

त्याने पेणला जाऊन गुलाबी कार्डं छापून आणली. वर गणपती, खाली दाढ्यांचे आठ चौकोन, केसांचा एक. पहिलं कार्ड मी घेतलं. दोन महिन्यांत चाळीस कार्डं गेली. कारखान्याच्या पहिल्या शिफ्टची माणसं सुटली की सरळ त्याच्याकडे. आठवडाभर गिऱ्हाईक वाटलं गेलं, रविवारची झुंबड मोडली. गुणाजीने दुसरी खुर्ची आणली. पुढल्या श्रावणात सगुणाने स्टँडवर येऊन माझ्या खिडकीतून वाटीभर नारळीभात आत सरकवला. मला वाटलं, आपण नोकरीत फुकट गेलो, धंद्यात पडायला पाहिजे होतं.

पूल ओलांडून अष्टमीच्या वस्तीत हैबतराव राहायचे. गावाकडे भरपूर भातशेती, इथे स्वतःचं घर, मिशा भारदस्त. त्यांचाही पास होता. एकदा त्यांना ताप आला आणि त्यांनी गड्याला पाठवलं. घरी येऊन दाढी करून जा, पास आहे.

गुणाजी मला विचारायला आला. "काय करू, भाऊ?"

"म्हातारा माणूस, आजारी आहे. एकदा जाऊन ये. त्यात काय झालं?" मी म्हणालो. मागे दहा माणसं पनवेलच्या गाडीसाठी खोळंबली होती, मला विचार करायला कुठे सवड होती? पण सवड असती तरी मी हेच म्हणालो असतो.

तो गेला. तिथेच सगळं बिनसलं. हैबतरावांचा ताप चार दिवसांत उतरला, पण घरी दाढी करून घेण्याची गोडी काही उतरली नाही. मग त्यांच्या शेजाऱ्याचं म्हणणं पडलं की त्याच्याकडेही तेच गुलाबी कार्ड आहे. मग कोणाच्या नातवाचं जावळ आलं. एका कामगाराच्या भावाचं लग्न नागोठण्याला होतं, तर नवरदेवाची दाढी करायला गुणाजीने वऱ्हाडाबरोबर चलावं, पास आहेच. कोणी उर्मटपणे बोलत नव्हतं, हेच वाईट. सगळे आपलेपणाने सांगायचे. महिन्याचं ठरलेलं देणं ज्याला देतो तो न्हावी आपल्या घरचा, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की कार्डावर काय छापलंय ते वाचायची कोणाला गरज पडली नाही. माझ्याकडून पास घेणारा माणूस गाडी घरी पाठवा असं कधी म्हणाला नाही. पण एसटीला बाप नव्हता, आणि गुणाजीला होता.

त्याने एकदा हिंमत केली. पाटी रंगवून घेतली, 'घरी येऊन काम केले जाणार नाही', आणि आरशावर लावली. हैबतराव ती वाचून हसले आणि म्हणाले, "गुणाजी, ही बाहेरच्यांसाठी ना?" बाकीचे हसले नाहीत. पुढच्या पहिल्या तारखेला अठरा जणांनी कार्ड घेतलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसते आले नाहीत. बाराव्या दिवशी पाटी उतरली. तोवर दुसऱ्या खुर्चीमुळे आणि खोलीच्या वाढलेल्या भाड्यामुळे त्याला त्या कार्डांशिवाय महिना ढकलणं शक्य नव्हतं. मी त्याला सांगितलं, थोडं धीराने घे. दुसऱ्याला धीर देणं सोपं असतं, मी रोज उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दल लोकांना तेच सांगायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर हैबतरावांची बैलगाडी दुकानासमोर उभी राहिली. गड्याने आठ पोती भात उतरवून खुर्चीशेजारी ठेवलं. मागून हैबतराव आले. "दर महिन्याला कुठे सुट्टे शोधत बसू? वर्षाचं एकदम घे. आमच्या घरातल्या पाचही जणांचं."

मी तेव्हा दाढीला बसलो होतो, तोंडाला साबण. गुणाजी पोत्यांकडे बघत राहिला. "रोखीनं द्या ना, राव. थोडं कमी दिलंत तरी चालंल."

"अरे, बाजारात इतक्या पैशात एवढं भात मिळेल का तुला? फायद्याचं बोलतोय."

आणि बोलत होते ते खरंच फायद्याचं. भात स्वच्छ होतं, वारवलेलं, मापाला चोख. त्याच्या बापाला जन्मात मिळालं नसेल असं. तेवढ्यात सगुणा दुकानात आली, मूठभर भात हातात घेऊन तिने फुंकर मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "धा म्हयने डब्याकडं बगाया नको." तिचं तरी काय चुकलं? घरात तीन पोरं होती. गुणाजीने पोती भिंतीला लावली. मला वाटत होतं की काहीतरी बोलावं, पण साबण सुकायला लागला होता. त्या सुगीत आणखी सहा घरांनी भात पाठवलं.

पुढच्या मार्गशीर्षात पेणला, आमच्या घरी, माझे वडील वारले. झोपेतच गेले, पिकलं पान होतं, पण बाप तो बाप. दहाव्याची तयारी चालली तेव्हा कळलं की आमचा नेहमीचा न्हावी मुलीकडे सुरतेला गेलाय. दुसरा एक होता तो पाय मोडून बसलेला. माझे काका, जनूकाका, सगळ्या कामात पुढे. ते म्हणाले, "तुजा तो रोह्याचा हाय ना? पासवाला? त्याला सांगावा धाड की."

मी आधी नको म्हणालो का? आठवून आठवून बघतो, पण म्हणालो असेन असं वाटत नाही. घरात बायका रडत होत्या, माझं डोकं जाग्यावर नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण हेही खरं की तो येईल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. रोह्याच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो आला. हातात कापडी पिशवी. त्या गाडीला कासूवरूनच, त्याच्या बापाच्या गावावरूनच, यावं लागतं. आला तो सरळ नदीवर. माझ्यासमोर उकिडवा बसला, डोकं भिजवलं आणि वस्तरा चालवू लागला. मी, माझे दोन भाऊ, चुलतभाऊ, पुतणे मिळून अकरा डोकी झाली. थंडीचे दिवस, पाणी गार, त्याची बोटं निळी पडली होती. एकालाही कुठे ओरखडा नाही. माझ्या डोक्यावर त्याचा हात होता तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, दहा दिवसांत आलं नव्हतं ते. तो थांबला, माझं होऊ दिलं, आणि मग पुढे चालवलं.

काम झाल्यावर जनूकाकांनी एका सुपात तांदूळ आणि नारळ घातला आणि ते सूप त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही. "घे रे," म्हणाले. गुणाजीने ते पिशवीत ओतून घेतलं. मी चार हातांवर उभा होतो. मला काकांना एक शब्द बोलता आला असता, निदान ते सूप उचलून मी त्याच्या हातात देऊ शकलो असतो. मी टॉवेलने डोकं पुसत राहिलो.

दुपारी त्याला सोडायला मी पेणच्या स्टँडवर गेलो. खिशातून पन्नासाची नोट काढली.

"नको, भाऊ. पास हाय ना तुमचा."

तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हिशोब सांगावा तसं सांगत होता. गाडी लागायला अवकाश होता. आम्ही बाकड्यावर बसलो. तो म्हणाला, "एक सांगू? तुमी रागावू नका. तुमचे वडील गेलेले मला परवाच कळलं व्हतं. मी येनारच व्हतो. दुकान बंद ठेवून, आपनहून येनार व्हतो. सगुनेला सांगून ठेवलं व्हतं."

"मग आलासच की."

"तुमचा सांगावा आदी आला. पास हाय, ये म्हनून. आता मी भाऊसाठी आलो का पासासाठी आलो, ते माजं मलाच कळंना झालंय."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "अरे, जमत नाही म्हणून कळवायचं होतंस. मी काय परका आहे?"

तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याने मला सरळ विचारलं. "नाय म्हनून कळवलं असतं तर तुमाला चाललं असतं?"

तेवढ्यात रोह्याची गाडी लागली. लोक धावले, तोही पिशवी सावरत उठला. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, उत्तरासाठी थांबल्यासारखं. चाललं असतं, एवढे दोनच शब्द होते. पण मला राग आला असता. पास असून आला नाही म्हणून मला त्याचा रागच आला असता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि गाडी निघेपर्यंत मी काहीही बोललो नाही.