तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार

वसुधाताई शिर्के गेल्याची बातमी आली तेव्हा बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरी, रविवारच्या रीतीप्रमाणे, मी न्याहारीच्या खमणाची पुडी सोडत होतो. दिवाळी नुकतीच सरली होती. हरणीहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. "दिलीपकाका, आत्या ऑफ झाली. चहा घेतला, पेपर वाचला, अने पछी खुर्चीतच..." मी विचारलं, "किती वाजता?" आणि लगेच जीभ चावली. तो प्रश्न मुळात माझा नव्हताच. आमच्या संशोधन संस्थेच्या कम्प्युटर रूममध्ये काहीही बंद पडलं, की ताई सगळ्यात आधी हेच विचारायच्या. काय झालं, कुणी केलं, ते मागाहून. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर दुःखसुद्धा त्यांच्याच पद्धतीने होत असावं. खमण तसंच राहिलं आणि मी स्कूटर काढली.

ताईंची आणि माझी जोडी संस्थेत चेष्टेचा विषय होती. त्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत शिलेदार, माझे पणजोबा दफ्तरात कारकून. माझ्या हातून एखादं पत्र रेंगाळलं की त्या म्हणायच्या, "तुझ्या घराण्याने नुसते शेरे मारले रे. घोड्यावर आम्ही बसलो." यावर मी म्हणायचो, घोड्याच्या चंदीचा हुकूम आमच्या सहीशिवाय निघत नव्हता. त्या मनापासून हसायच्या. उंच, काटक बाई, सुती साडी, पायात पुरुषी वाटाव्यात अशा चपला, आणि चालणं असं की बरोबरच्याला धाप लागावी.

त्या मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. तरुणपणी त्यांनी चार वर्षं एका प्रश्नावर संशोधन केलं, आणि निष्कर्ष लिहायला बसल्या त्याच आठवड्यात परदेशी नियतकालिकाचा एक अंक जहाजाने कित्येक महिने प्रवास करून संस्थेच्या ग्रंथालयात पोचला. त्यात तोच निष्कर्ष दुसऱ्या कुणीतरी छापलेला होता. ताईंनी तो लेख दोनदा वाचला, आपले कागद कपाटात ठेवले आणि संशोधन सोडून कम्प्युटर रूमचं काम मागून घेतलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता. "मला त्याचा राग नाही आला, दिलीप. त्याने चोरलं थोडंच? मला फक्त उशिरा कळलं. बडोद्यात बसलेल्या माणसाला उशिरा कळता कामा नये, बस." एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्याच्या पाठी त्यांनी उरलेली नोकरी वेचली.

आज घरोघरी इंटरनेट आहे, त्यामुळे त्या काळाची कल्पना येणं कठीण. बाजार नुकता खुला होत होता, टेलिफोनसाठी अजून रांगा होत्या, आणि विद्यापीठं नि संशोधन संस्था आपापसांत कम्प्युटरचं वेगळं जाळं विणत होत्या. आपल्या देशातलं जाळं परदेशातल्या तशाच जाळ्यांना जोडायचं, म्हणजे तिकडच्या प्रयोगशाळेतली माहिती इकडे त्याच दिवशी पोचेल, अशी ती योजना. करारावर सह्या दिल्लीत झाल्या, फोटोही तिथेच निघाले. पण करार चालतो तो दोन टोकांना बसलेल्या माणसांवर. आमच्या टोकाला ताई होत्या. त्या टोकाला, उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठात, हेन्रिक नावाचे एक गृहस्थ होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही कधी पाहिलं नाही.

रोज सकाळी आल्या आल्या ताई हेन्रिकना संदेश लिहीत. त्यात पहिली ओळ कायम आपल्या चुकीची. काल आमच्याकडे अमुक वाजता वीज गेली. काल माझ्या मदतनिसाने, म्हणजे मी, चुकीची तार उपटली. मला फार लाज वाटायची. आमचे विभागप्रमुख तर कपाळाला हात लावत. "शिर्केबाई, घरातली उणीदुणी परदेशात कशाला मांडता?" ताई शांतपणे म्हणत, "सर, आपला दोष आपण आधी सांगितला, की त्यांचा दोष ते लपवत नाहीत. मग दोष शोधायला दोन दिवस लागायचे ते दोन तास लागतात." आणि खरंच, महिन्याभरात हेन्रिकच्या उत्तरांची पहिली ओळही त्यांच्या चुकीची येऊ लागली. मला तेव्हा जरा बरं वाटलं, की तिकडेही कुणीतरी माझ्यासारखा तारा उपटतो.

ते वर्ष चाचणीचं होतं. शेवटी सगळ्या शहरांची एकाच वेळी परीक्षा घ्यायची, तासभर जोडणी टिकली पाहिजे, आणि जी टिकतील त्यांचीच नावं पुढच्या यादीत राहणार. बडोद्याचं नाव गळणार असं बहुतेकांनी धरलंच होतं. हेन्रिकनी तारीख सुचवली ती त्यांच्या तऱ्हेने, वर्षाच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. तिकडे आठवड्यांना क्रमांक असतात. ताईंनी मंगळवार आपला मोकळा आहे एवढं पाहिलं आणि होकार कळवला. नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर आलं तेव्हा मी सहज बोट ठेवून मोजलं. तो मंगळवार चौदा जानेवारीचा निघाला. उत्तरायण.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उत्तरायण म्हणजे संक्रांत; तो आणि त्याच्या दुसरा, असे दोन दिवस आमच्याकडे जमिनीवर कुणी नसतं. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळं शहर गच्चीवर, आभाळ पतंगांनी भरलेलं, आणि जिथे काही उंच दिसेल तिथे मांजा अडकलेला. आमची डिश अँटेना विज्ञान इमारतीच्या छतावर होती. तिथून कम्प्युटर रूमपर्यंत येणारी केबल दोन इमारतींच्या मधून, हवेतून लोंबत आणलेली. ती जमिनीखालून नेण्याचा अर्ज दोन वर्षं फायलीत होता. बरोबर कुंपणापलीकडे घरांची एक रांग, आणि पतंग केबलवर अडकला की तिथली मंडळी दोऱ्याला दगड बांधून फेकत आणि ओढून काढत. आदल्या वर्षी अशाच एका ओढीत केबल सांध्यातून निखळली होती. बडोद्यात जन्मलेल्या, बडोद्यातच वाढलेल्या बाईने उत्तरायणाच्या तारखेला होकार दिला होता. ताईंनी उठून कॅलेंडरवरचे आठवडे स्वतः पुन्हा मोजले. "माझी चूक," एवढंच म्हणाल्या.

विभागप्रमुख म्हणाले, "तारीख बदलून मागा, पण पतंगाचं नाव काढू नका. हसतील. तब्येतीचं कारण द्या." ताईंनी मान हलवली. "सर, एकदा खोटं लिहिलं तर नंतरचं खरं कोण वाचेल?" आणि दुसऱ्या सकाळी नेहमीच्या पहिल्या ओळीत लिहून टाकलं, की तारखेला होकार देताना मी चुकले, त्या दिवशी आमचं सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं आणि आमची केबल त्यांच्या मधोमध आहे. उत्तर दुपारी आलं. बाकीच्या देशांची जुळवाजुळव झाली आहे, तारीख हलणार नाही. खाली एक वाक्य होतं, तुमच्या शहराशी बोलून पाहता येईल का?

मी त्यांच्या जागी असतो तर रजा टाकली असती. ताईंनी चपला घातल्या. पुढचे तीन दिवस आम्ही कुंपणापलीकडच्या घरांत जिने चढत होतो. ताई प्रत्येकाला तेच सांगायच्या, या केबलच्या पलीकडे दुसरे देश आहेत, मंगळवारी अडीच ते साडेतीन ती शाबूत राहिली तर बडोद्याचं नाव राहील, नाहीतर जाईल. विनवणी नाही, दटावणी नाही. काहींनी चहा विचारला, काहींनी टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटचं घर जयंतीभाईंचं. त्यांच्या मांज्याची आख्ख्या भागात दहशत होती. ते फिरकी सारखी करत ऐकत होते. मग म्हणाले, "बेन, अमारी अगासी सामे तमारो तार तूटे, तो आबरू अमारी जाय. चिंता ना करो." आमच्या गच्चीसमोर तुमची तार तुटली तर अब्रू आमची जाते, हे ऐकून ताई पहिल्यांदाच खाली बसल्या आणि चहा घेतला.

मंगळवारी अडीच वाजता, म्हणजे हेन्रिककडे सकाळी दहाला, जोडणी सुरू झाली. पडद्यावर काड्यापेटीएवढं चित्र, त्यात अडखळत हलणारे तीन-चार चेहरे. ताई आत, मी खिडकीशी नजर केबलवर लावून उभा. पहिली वीस मिनिटं निर्विघ्न गेली. मग एक मोठा लाल पतंग गोते खात आला आणि त्याचा मांजा बरोबर केबलवर पडला. दोरा जयंतीभाईंचा होता. त्यांचा पेच रंगात आला होता, समोरचा पतंग कापायला एक खेच पुरली असती, आणि त्या खेचीत आमचा सांधा गेला असता. त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग दोरा दातात धरला आणि तोडला. आपला पतंग आपण तोडणारा माणूस मी बडोद्यात त्याआधी पाहिला नव्हता. समोरच्या गच्चीवरून "ए लपेऽट" असा गजर उठला, हरलेल्याला चिडवतात तसा, आणि जयंतीभाई कमरेवर हात ठेवून ती चेष्टा मानाने ऐकत उभे राहिले.

तो गजर आमच्या मायक्रोफोनमधून थेट तिकडे गेला. हेन्रिकनी विचारलं, हा आवाज कसला? मी खिडकीतून पाहिलेलं ताईंना सांगितलं होतंच; त्या म्हणाल्या, "आमचं शहर. तुमच्यासाठी एक पतंग सोडला त्यांनी." साडेतीन वाजले. त्या दिवशी आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या एका शहराची जोडणी मध्येच पडली, बडोद्याची एकदाही नाही. मी आनंदाने ओरडलो. ताई बाहेर आल्या, दोन्ही हात वर करून गच्च्यांकडे बघत उभ्या राहिल्या, आणि पलीकडून थाळ्या वाजायला लागल्या. पन्नाशी उलटलेली ही बाई त्या थाळ्यांच्या तालावर, संस्थेच्या पायरीवर, चक्क नाचली... ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही.

नाव राहिलं. पुढच्या काही वर्षांत त्या जोडणीवरून काय काय आलं ते सांगायला हा लेख पुरायचा नाही. जवळच्या कोयलीच्या रिफायनरीतल्या एका फिटरची मुलगी आमच्या कम्प्युटर रूममध्ये बसून परदेशी दुर्बिणीने आदल्या दिवशी टिपलेली माहिती वाचायची. तिच्या पहिल्या शोधनिबंधातला निष्कर्ष तिच्याआधी कुणीही छापला नव्हता. त्याची प्रत घेऊन ती पेढे द्यायला आली, तेव्हा ताईंनी आधी तारीख पाहिली, मग निबंध वाचला, मग पेढा खाल्ला.

गेल्या आठवड्यात या जाळ्याचं नव्या वर्षाचं वेळापत्रक आलं. कुठल्या देशात कुठल्या दिवशी दुरुस्तीची कामं काढायची नाहीत, ते त्यात असतं. हेन्रिक कधीच निवृत्त झाले, आता ते काम तिकडची एक तरुण मुलगी बघते. तिने मला लिहिलं, की यादीत नाताळच्या सुट्टीखाली एक जुनी ओळ दिसते, "चौदा आणि पंधरा जानेवारी, कुणीही काम काढू नये, बडोदे गच्चीवर आहे." ही कुणी, कशासाठी घातली ते इथे कुणाला माहीत नाही, सगळे देश इतकी वर्षं पाळत आले आहेत, यंदा ठेवायची की काढायची? मी तिला त्या मंगळवारची गोष्ट आणि ताईंचं नाव कळवलं, त्या गेल्याचंही कळवलं. तासाभरात तिचं उत्तर आलं. ओळ ठेवली आहे, आणि यंदापासून तिच्यापुढे नावही लिहिलं आहे.