सोमवारची ड्युटी

सुरुवातीला मला वाटलं, नवऱ्याला व्यायामाचं वेड लागलं.

आम्ही न्हावा शेव्याजवळ द्रोणागिरीत एका बिल्डिंगच्या नवव्या मजल्यावर राहतो. एके दिवशी त्याने लिफ्ट सोडली आणि जिन्याने यायला लागला. दारात पोचायचा तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. मी विचारलं तर म्हणाला, "पोट सुटलंय गं. तेवढंच चालणं होतं." मी हसले. पण भाजीची पिशवी घेऊन मी लिफ्टकडे वळले की तो बाजूला थांबायचा, दार उघडताना आत बघायचाही नाही. सोसायटीतल्या बायका कौतुक करायच्या, "तुमच्या मिस्टरांकडून शिकावं."

तो न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचा. जहाजावरचे कंटेनर उचलून खाली ट्रेलरवर ठेवणारी ती अजस्र क्रेन. तिची केबिन दहा-बारा मजल्यांच्या उंचीवर लटकलेली, पायाखाली काच. दिवसभर मान वाकवून दोन पायांच्या मधून खाली बघायचं, हेच काम. लग्नानंतर एकदा त्याने मला लांबून दाखवली होती. म्हणाला होता, "वर बसलं की खालची माणसं मुंग्यांसारखी दिसतात." तेव्हा त्याच्या आवाजात मजा होती.

एका दुपारी बंदरातून फोन आला. छातीत दुखतंय म्हणून त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. मी रिक्षात बसून नुसती हात चोळत होते. पोचले तर तो खाटेवर पांढराफटक पडलेला, बोटं वाकडी झालेली. "हात बधिर झाले," एवढंच म्हणाला. "वाटलं संपलं."

ईसीजी नॉर्मल. टूडी एको नॉर्मल. रक्तही नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, "हार्ट एकदम फर्स्ट क्लास आहे. टेन्शन घेऊ नका." आम्ही येताना पेढे घेतले. तो पेढा नुसता हातात धरून म्हणाला, "मग मला झालं काय?"

ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला यायचा आणि तो आणखी घाबरायचा. एकदा भाकरी थापता थापता मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. कंटेनर खाली सोडताना ट्रेलरचा ड्रायव्हर दिसतो. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसून मोबाईल बघत असतो. "आणि माझ्या मनात येतं, माझा हात चुकला तर? तो विचार जात नाही. मग हातच हलत नाही." इतक्या वर्षांत त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. मी तेच म्हणाले. तो म्हणाला, "म्हणून तर."

तो रजेवर गेला. मला वाटलं, विश्रांतीने बरं होईल. झालं उलटंच. भीती कमी झाली खरी, पण तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. तो पहाटेच जागा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा. मटण केलं तरी "माती लागतंय" म्हणायचा. अंगावर शर्ट सैल झाले. मुलगी कॉलेजातून आली की आधी हॉलमध्ये डोकावून बघायची, बाबा त्याच खुर्चीत आहेत का. ते तिथेच असायचे, टीव्ही बंद आणि रिमोट हातात.

पनवेलहून माझी नणंद आली, त्याची थोरली बहीण. तिने त्याच्यासाठी सुकट-भाकरी आणली होती. त्याच्यासमोर बसून म्हणाली, "अरे, पर्मनंट नोकरी, स्वतःचा फ्लॅट, पोरगी इंजिनीअरिंगला. गावाला आपण कसे दिवस काढले आठव. काय कमी आहे तुला?"

तो म्हणाला, "काही नाही, ताई. तेच तर."

मग ती रडायला लागली आणि तोच तिची समजूत काढत बसला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र नुसत्या ताकदीच्या गोळ्या न देता सीवूड्सच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा नंबर दिला. तो म्हणाला, "मी वेडा नाही." मी नंबर फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला.

आणि एका शनिवारी तो बरा झाला.

सकाळी उठून दाढी केली. बरेच दिवस ठिबकणारा मोरीतला नळ दुरुस्त केला. मला हाक मारून इन्व्हर्टर कसा रिसेट करायचा ते दाखवलं. "मीच का करायचं नेहमी? तुला यायला नको?" मुलीला स्कूटरची कागदपत्रं कुठे असतात ते सांगितलं. कपाटातले चांगले बूट वॉचमनला नेऊन दिले. बिल्डिंगच्या मुलांना कॅरम देऊन टाकला, स्वतः पॉलिश केलेला, ज्याला तो मुलीलाही हात लावू देत नसे. जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाला, "साहेबांना फोन केला. सोमवारपासून ड्युटीवर जातोय."

मुलीने त्याला मिठी मारली. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? माणसाने मनावर घ्यावं लागतं." शेजारच्या वहिनी गोड घेऊन आल्या. घरात कितीतरी दिवसांनी आवाज होता. मी सगळ्यांबरोबर हसत होते आणि आतून घाबरले होते. का, ते मला कळत नव्हतं. नवरा चांगला झाला तर बाईने घाबरायचं कशाला?

रविवारी दुपारी कपडे काढायला गॅलरीत गेले. तो तिथे उभा होता. गेले कित्येक महिने त्याने गॅलरीचं दार ओलांडलं नव्हतं. आता कठड्यावर कोपरं टेकून तो खाली बघत होता, अगदी आरामात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"अहो, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "आता कशाचीच नाही."

मी त्याचा हात धरून त्याला आत आणलं, चहा टाकते म्हणाले. मुलीला त्याच्याजवळ बसवलं, गॅलरीला कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरातून त्या डॉक्टरबाईंना फोन केला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला. मी बूट, कॅरम, इन्व्हर्टर, असं काहीबाही सांगत सुटले. मलाच ते बोलणं येड्यासारखं वाटत होतं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?" मग म्हणाल्या, "एकटं सोडू नका. लगेच घेऊन या."

"माझ्यासाठी चला," मी त्याला म्हणाले. "मला बरं वाटत नाहीये." ते खोटं नव्हतं.

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी त्याला पाणी दिलं, झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. आणि त्याच आवाजात पुढचं, "जगू नये असं वाटतं का तुम्हाला?"

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. असं कुणी विचारतं?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. "हो," म्हणाला.

"काही ठरवलंय?"

"सोमवारी ड्युटीवर जाणार होतो," तो म्हणाला. "परत यायचं नव्हतं."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिची ट्यून ऐकू येत होती. मी कालचा भात आठवत होते, दुसऱ्यांदा घेतलेला.

त्याच संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात दाखल केलं. बाईंनी मला व्हरांड्यात समजावलं. आधीचे झटके हृदयाचे नव्हते, भीतीचे होते. महिनोन्‌महिने घाबरून मन थकलं आणि नैराश्यात गेलं. हा आजार आहे, मनावर घेतलं म्हणून जाणारा नाही, गोळ्यांनी आणि बोलण्याने जाणारा आहे. "आणि ती अचानक आलेली शांती," त्या म्हणाल्या, "कधीकधी निर्णय झाल्याची असते." मी विचारलं, तुम्ही असं सरळ विचारलंत, त्यामुळे त्याच्या डोक्यात नसलेलं शिरलं असतं तर? त्या म्हणाल्या, "विचारल्याने शिरत नाही. उलट सांगता येतं."

गोळ्या लगेच लागू पडल्या नाहीत. आधी नुसती झोप आली, तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. नणंद डबा घेऊन यायची आणि पायथ्याशी बसून त्याचे पाय चेपायची, आता काही न बोलता. घरी आल्यावर तो दर आठवड्याला समुपदेशनाला जायला लागला. हळूहळू भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार करू लागला. मी ती तक्रार ऐकून मोरीत जाऊन रडले.

आता तो बंदरातच, पण जमिनीवर काम करतो, गेटच्या ऑफिसात. गोळ्या चालू आहेत. लोक म्हणतात, अगदी पहिल्यासारखा झाला. मी मान डोलावते. तो शीळ घालत घर आवरायला लागला की अजूनही माझे हात थांबतात. आनंद कुठला आणि ती शांती कुठली, हे मला लांबून ओळखता येत नाही. मी जवळ जाऊन विचारते. तो कधी चिडतो, पण उत्तर देतो.

गेल्या आठवड्यात आम्ही कराव्याच्या खाडीकडे फिरायला गेलो होतो. ओहोटी होती, चिखलाचा वास मारत होता, आणि एक होडी तिरकी कलंडून पडली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "परत येतंय असं वाटतंय. दोन-तीन दिवस झाले. पहाटे जाग येते."

मी पर्समधून फोन काढला आणि डॉक्टरबाईंचा नंबर लावला. रिंग वाजत होती तोवर मी त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. त्याने सोडवून घेतली नाही.