लिबर्टी पक्ष आणि आमची भीड

“मेधाताई, मी तर बाई हिलाच मत देणार!” ज्योत्स्ना माझ्या कानाशी कुजबुजली.

खरं तर मतदारांनी माझ्याशी बोलायचंच नव्हतं. मी डोळे वटारले. ती आपल्या टेबलावर जाऊन बसली आणि तिथंही तिनं तेच सांगितलं, जरा मोठ्यानं.

हिला म्हणजे फेमकेला. फेमके त्या वेळी मेरवाल नावाच्या देशाची पंतप्रधान व्हायला निघाली होती. नकाशात शोधू नका. मेरवाल मी बनवलाय, आणि तो फक्त कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या आमच्या ऑफिसात असतो, तोही खेळ चालू असेपर्यंत.

माझं काम सिम्युलेशनचं. खोटा देश, खोटे पक्ष, खोटी निवडणूक. आणि खऱ्या नोकरीचे खरे उमेदवार. मुलाखतीत सगळेच गोड बोलतात हो. दिवसभर देश चालवायला दिला की माणूस कळतो. या वेळचा क्लायंट होता एक खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका. त्यांना रहिवाशांशी बोलणारा माणूस हवा होता. कुठला रस्ता खणणार, कुठलं झाड पाडणार, ते लोकांना सांगायचं आणि त्यांचं ऐकून यायचं. त्या गावात परदेशी लोक पुष्कळ. म्हणून खेळ इंग्रजीत ठेवला आणि मतदार म्हणून आमच्या मराठी बायका बोलावल्या. बहुतेकजणी नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या. आता कोणी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतं, कोणी शिकवण्या घेतं. ज्योत्स्ना पार डीमन गावाहून आली होती, मोठा डबा भरून चिवडा घेऊन.

फेमके त्याच खेमेंटेत तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर होती आणि ते संपत आलं होतं. एकटी आई. घरमालकानं घर सोडायला सांगितलेलं. पर्मनंट कॉन्ट्रॅक्ट नसेल तर इथं दुसरं घर मिळताना नाकी नऊ येतात. ही नोकरी तिला हवीच होती. तिच्याशिवाय उमेदवार एकच, बास नावाचा. उंचापुरा, हसरा, बोलण्यात पटाईत.

पक्ष चिठ्ठी टाकून मिळतात. बासला सरकारी योजनांचा पक्ष मिळाला, फेमकेला लिबर्टी पक्ष. लिबर्टेरियन म्हणजे सोप्या भाषेत काय, तर सरकारनं पोलीस आणि कोर्ट सांभाळावं, बाकी लोकांच्या मध्ये पडू नये. कोणावर कसलीही सक्ती नाही. करायचं ते ज्यानं त्यानं आपखुशीनं. चिठ्ठी वाचून फेमकेचा चेहरा पडला.

“मी अगदी उलट मताची आहे,” ती म्हणाली.

“मग तर मजा येईल,” मी म्हटलं. मजा कसली! हा पक्ष मी मुद्दाम अवघड ठेवलाय. आजवर तो कोणाला धड उभासुद्धा करता आला नव्हता.

बासनं लगेच भाषण ठोकलं. फेमके मात्र टेबलाटेबलावर जाऊन बसली आणि तिनं एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला सगळ्यात जास्त जाच कशाचा होतो?”

झालं! आमच्या बायकांना हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. कचऱ्याचा कंटेनर भरला होता म्हणून पुठ्ठा शेजारी ठेवला, तर दंड. घरी पोळ्या करून विकायच्या, तर आधी परवानगी. एकीनं तर खोटा देश विसरून व्हिसाची सगळी रडकथा सांगितली. फेमके ऐकत राहिली. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग उठून एवढंच म्हणाली, “तुमचा संसार तुम्ही चालवता. मी वाटेतून बाजूला होते.”

टाळ्यांचा कडकडाट. लिबर्टी पक्षाला चक्क बहुमत! बास बघतच राहिला. मीसुद्धा.

आता मेरवाल पडला सखल देश. पाणी चढलं की प्रत्येक घरातल्या एकानं बांधावर हजर राहायचं, असा सक्तीचा कायदा. फेमकेच्या पक्षानं तो रद्द केला; त्याच्या जागी स्वयंसेवक येणार. ती पुन्हा टेबलाटेबलावर गेली.

“पाणी चढलं तर तुम्ही याल?”

“हो हो, नक्की!”

“अगं, हे काय विचारणं झालं? आधी चिवडा तर घे.”

सगळ्या हो म्हणाल्या. फेमकेनं सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र त्या होकारांची खात्री वाटेना. डच माणूस जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणतो, आणि हो म्हणाला की हजर असतो. आमचं तसं नाही. एवढी गोड पोरगी समोर उभी, तिला नाही कसं म्हणायचं? आत्ता हो म्हणू, पुढचं पुढं. फेमके पडली डच, तिला हे कुठून ठाऊक असणार! मला सांगता येईना. खेळ घेणाऱ्यानं उमेदवाराला काही सुचवायचं नाही, हा नियम माझाच.

पुढच्या राउंडला मी घंटा वाजवली. पाणी चढलं. खिडकी हा बांध समजून स्वयंसेवकांनी उठून तिथं यायचं होतं.

कोणी उठलं नाही. ज्योत्स्ना अर्धवट उठली, इकडंतिकडं बघितलं आणि परत बसली.

“मला वाटलं तू जातेयस.”

“अगं, मी म्हटलं तू आहेस ना!”

मेरवाल बुडाला.

बासनं संधी साधली. ब्रेकमध्ये तो फेमकेला गाठून म्हणाला, “सक्तीच्या कायद्याला पाठिंबा दे. शेवटच्या मतदानानंतर माझ्या सरकारमध्ये तुला मंत्री करतो. तुझा विचार पहिल्यापासून तोच होता असं सांग.”

मी शेजारीच कॉफी घेत होते. मंत्रिपद मिळालं की खेळातला स्कोअर वाढतो आणि नोकरी बहुधा त्यावरच ठरते, हे दोघांनाही माहीत होतं. म्हटलं, घे गं बाई, घर मिळेल तुला.

“नको,” फेमके म्हणाली. “सक्ती नाही म्हणून त्यांनी मला मतं दिली. त्याच मतांवर सक्ती कशी आणू?”

मग ती मतदारांसमोर उभी राहिली. “तुम्ही हो म्हणालात. तुमचं काही चुकलं नाही. मीच असं समोर उभं राहून विचारलं की तुम्हाला नाही म्हणणं अवघड झालं. सक्ती नको म्हणणाऱ्या पक्षानं तुमच्यावर सक्तीच केली. माझ्याकडं आता बांधाचं उत्तर नाही. बासकडं आहे. त्याला मत द्या.”

ज्योत्स्नानं डोळे पुसले. “कसंतरीच झालं गं,” ती शेजारणीला म्हणाली. शेवटच्या मतदानात लिबर्टी पक्षाला एकही जागा मिळाली नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, पण इतकं सरळ हरणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला तिचा विलक्षण अभिमान वाटला, जणू माझीच कोणी लागत होती.

संध्याकाळी निकालाची मीटिंग. समोर रूड, खेमेंटेचा एचआर मॅनेजर. आमचं निम्मं काम त्याच्याकडून येतं. त्यानं स्कोअर शीट बघितली आणि पेन उघडलं.

“नोकरी बासला. प्रश्नच नाही. फेमकेला तर शून्य जागा. तुला मान्य आहे ना?”

ओठांवर ‘हो’ आलंच होतं. साहेबानं असं विचारलं की आमच्या घराण्यात दुसरं उत्तर कोणी दिलेलं नाही.

“नाही,” मी म्हणाले.

मनात म्हटलं, आता हा भडकणार, आता काम जाणार.

रूडनं पेन खाली ठेवलं. “का?”

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

“बासनं निवडणूक जिंकली,” मी म्हटलं. “पण तुम्हाला मंत्री नेमायचा नाहीये. तुमच्या रहिवाशांच्या मीटिंगला आमच्यासारखेच लोक येतात ना? मान डोलावतात, घरी जातात, आणि झाड पाडलं की तक्रार करतात.”

“दर वेळी,” रूड म्हणाला.

“तो होकार खोटा का निघाला, हे फेमकेला एका दिवसात कळलं. तिनं लोकांना दोष दिला नाही, आपला प्रश्न तपासला. आणि स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोलली. असं माणूस पुन्हा कुठून आणाल?”

रूडनं स्कोअर शीट उलटी करून ठेवली. मग त्यानं पेन उचललं आणि फेमकेचं नाव लिहिलं.

तिला पर्मनंट कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि पाठोपाठ घरही. मेरवालमध्ये लिबर्टी पक्ष त्यानंतर पुन्हा निवडून आलेला नाही. रूड मात्र अजून आमचाच क्लायंट आहे.

मी शिकले ते इतकंच: नाही म्हटल्यानं आभाळ कोसळत नाही. समोरचा फार तर कारण विचारतो. तेवढं तयार ठेवावं.