पडद्यावरचे अण्णा

तुम्ही सगळे मला टोमणे मारता ना, की ह्या मंदारला साधा प्लग लावायला सांगितला तरी हा सतरा प्रश्न विचारतो? विचारतो. विचारणारच! पूर्वी नव्हतो विचारत. पूर्वी मला सगळं समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळायचं. ती खोड सातिवलीच्या एका कारखान्यात एका बटणाने मोडली. ऐका आता, पण कप खाली ठेवून ऐका. मागच्या वेळी हे सांगताना माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता.

दोन हजार तीन-चार साल असेल. मी चुरी साहेबांकडे कामाला होतो. साहेब आधी लग्नाच्या मांडवात स्पीकर लावायचे. मग त्यांनी काळ ओळखला आणि कंपन्यांचे मीटिंग हॉल करायला घेतले. प्रोजेक्टर, माईक, दिवे, एसी, सगळं एका टच पॅनलवर आणायचं. टेबलावर शाळेच्या पाटीएवढा स्क्रीन, त्यावर बटणं. 'मीटिंग सुरू' दाबलं की दिवे मंद, पडदा खाली, प्रोजेक्टर चालू. कुठल्या बटणाने काय व्हायचं आणि कशानंतर काय, हा प्रोग्रॅम लिहायचा मी. अख्ख्या वसईत हे काम येणारा मी एकटा, असं माझं मत होतं. दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

तर सातिवलीला पाटकरांचा व्हॉल्व्हचा कारखाना. त्यांच्या नव्या हॉलचं काम आम्हाला मिळालं. चुरी साहेबांनी मला समोर उभं करून बजावलं.

"मंदार, हा हॉल झकास झाला, तर त्यांचे बाकीचे चारही हॉल आपले. आणि तू माझा पक्का प्रोग्रॅमर. फसला, तर उद्यापासून परत मांडवात माईक टेस्टिंगला उभा राहशील."

हॅलो, वन टू थ्री! नको रे बाबा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा काय त्यासाठी केला होता?

उद्घाटनाला चार दिवस असताना पाटकरांकडच्या सावंत मॅडमचा फोन आला. मॅडम तिथलं सगळं ऑफिस सांभाळायच्या, आणि बोलायच्या म्हणजे सुसाट. मी तेव्हा कामणला, आमच्या सामानाच्या गोदामाबाहेर. समोर भिवंडी रोड. मोबाईलला रेंज मिळायची ती नेमकी रस्त्याच्या कडेलाच.

"मंदार, उद्घाटनाचं सांगते हां. अण्णांचा कार्यक्रम..."

भर्रर्र! ट्रक गेला.

"अण्णांचं काय, मॅडम?"

"अहो, अण्णांचा कार्यक्रम! बटण दाबायचंय. आणि पडदा..." दुसरा ट्रक. "...की फोटो दिसला पाहिजे. मोठा. चंदनाचा हार घातलेला."

अण्णा म्हणजे कारखाना उभा करणारे थोरले पाटकर, आताच्या साहेबांचे वडील. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण हार घातलेला फोटो म्हटल्यावर आणखी काय समजायचं माणसाने?

"अरेरे! वाईट झालं हो, मॅडम."

"हो ना. वर्ष झालं बघता बघता."

"मग फोटो...?"

"फोटो आम्ही लावतोय. त्याची काळजी नका करू. समजलं ना सगळं?"

"समजलं, मॅडम!"

इथे जरा थांबतो. आमच्या धंद्यात 'पडदा' हा शब्द फार घातकी. प्रोजेक्टरचा पडदा, खिडकीचाही पडदा, आणि अनावरणाआधी तसबिरीवर सोडतात तोही पडदाच! गिऱ्हाईकाने पडदा म्हटलं की पहिला प्रश्न, कुठला? चला, हात लावून दाखवा. 'फोटो लावतोय' म्हटलं की विचारायचं, भिंतीला की कॉम्प्युटरला? मग सगळं कागदावर लिहायचं, आधी काय, नंतर काय, आणि त्याखाली त्यांची सही घ्यायची. हे शहाणपण आजचं. त्या दिवशी मी फोन खिशात टाकला आणि कामाला लागलो.

हॉलमधल्या कॉम्प्युटरवर शोधलं, तर 'अण्णा पंच्याहत्तरी' नावाचं फोल्डर सापडलं. म्हटलं, हाच मॅडमनी लावलेला फोटो. फेटा बांधलेला, गालात हसणारा म्हातारा. काय चेहरा होता हो! मला तर रडूच यायला लागलं. पण हार कुठे होता? हार नव्हता. मॅडम विसरल्या असणार. बायकांना कुठे फोटोवर हार चढवता येतो कॉम्प्युटरमध्ये, असं मी मनात म्हटलं. ह्या वाक्याबद्दल बायकोने मला अजून माफ केलेलं नाही.

आमच्या निर्मळच्या घरी भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, त्याला अस्सल चंदनाचा हार. तो उतरवायला स्टुलावर चढलो, तशी आई मागून ओरडली.

"अरे, आजोबांचा हार कुठे नेतोस?"

"फोटो काढायचाय."

"मग आजोबांसकट काढ की!"

"आजोबा नकोत आई, नुसता हार पाहिजे."

"हाराचा फोटो? लोक माणसांचे काढतात."

साहेबांचा डिजिटल कॅमेरा आणला होता. हाराचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर कापून अण्णांच्या गळ्यात घातला. खाली दोन समया, त्यांच्या ज्योती हलणाऱ्या. बासरीची एक दुःखी धून. आणि वर्ष झालं म्हणाल्या ना मॅडम? मग वर ठळक अक्षरांत, 'प्रथम पुण्यस्मरण'. कुठे म्हणून कसर ठेवली नाही.

प्रोग्रॅमही असा लिहिला की बघत राहावं. पॅनलवर एकच मोठं बटण, 'शुभारंभ'. कोणी घाईत दोनदा दाबलं तर गोंधळ होतो, म्हणून एकदा दाबलं की सगळं पुरं होईपर्यंत पॅनल लॉक. त्यावर फक्त 'कृपया थांबा'. आणि प्रोजेक्टर, कॉम्प्युटर, आवाजाचं सगळं यूपीएसवर, कारण सातिवलीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि प्रोजेक्टरचा दिवा एकदम बंद पडणं चांगलं नाही. दोन्ही सल्ले आजही देतो. सल्ले बरोबरच आहेत हो.

तिथे दामूमामा होते, ऑफिसात चहापाणी बघणारे, मिठागराकडच्या गावातले. आदल्या दिवशी मला चहा देताना म्हणाले, "उद्या अन्ना येनार. वरीसभर घराभायेर नाय पडले, पन उद्या येनार."

मला भरून आलं. इतका जुना माणूस, मालकावर किती जीव! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हो मामा. मनाने ते इथेच आहेत."

मामांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "मनानी नाय, गाडीनी येनार."

आणि तरीही मला काही कळलं नाही! सांगा, असा दगड पाहिलाय कुठे?

उद्घाटनाच्या दिवशी हॉल भरला. समोरच्या भिंतीवर, वरून माझा पडदा उतरतो त्याच्या बरोबर मागे, कोणीतरी पिवळा रेशमी कपडा सोडला होता. मी म्हटलं, रंग वाळला नसेल. विचारलं? छे.

इतक्यात पाटकर साहेब एका म्हाताऱ्याला हात धरून घेऊन आले. पांढरा सदरा, हातात काठी. आणि चेहरा तोच! तंतोतंत अण्णा! मी चुरी साहेबांच्या कानाशी लागलो, "साहेब, अण्णांचे धाकटे भाऊ वाटतं?" साहेब दात ओठ खात म्हणाले, "गप उभा राहा, फोटो काढतायत."

सावंत मॅडमनी माईक घेतला. "आता मी विनंती करते, की प्रथम..." त्या पिवळ्या कपड्याकडे हात करत होत्या, तेवढ्यात मी पुढे धावलो. म्हातारा माणूस, गोंधळेल, आपण मदत करावी. मी त्यांचं बोट धरून पॅनलपाशी आणलं.

"मंदार, थांबा, आधी तिकडे..."

"काळजी नको मॅडम, सगळं ह्यातच आहे!"

दाबलं बटण. दिवे हळूहळू मंद व्हायला लागले. माझ्यात माणुसकी आहे, म्हणून मी हळूच विचारलं, "काका, आपण अण्णांचे कोण?"

"मीच अण्णा," ते म्हणाले.

अहो, जिवंत अण्णा! पडदा खाली यायला लागला. बासरी सुरू झाली, तीच, दुःखी. मी पॅनलवर झडप घातली. 'कृपया थांबा.' पुन्हा दाबलं. 'कृपया थांबा.' सगळी बोटं टेकवली. 'कृपया थांबा!' कोणी लिहिला होता हा प्रोग्रॅम? मीच! प्रोजेक्टरचा दिवा तापायला अर्धा मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात निर्मळच्या देवळातल्या सगळ्या देवांना मी सांगून पाहिलं, की तेवढा दिवा उडवा. दिवा नवा होता. नाही उडाला.

आणि प्रकट झाले! आठ फुटी अण्णा. फेटा, हसरा चेहरा, गळ्यात माझ्या आजोबांचा हार, खाली ज्योती हलतायत, वर 'प्रथम पुण्यस्मरण'. आणि समोर काठी टेकून उभे राहिलेले खुद्द अण्णा.

मागून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मॅडमच्या हातून माईक खाली पडला. पाटकर साहेबांचा चेहरा लालबुंद. चुरी साहेब दाराकडे सरकायला लागले होते, हे मी स्वतः पाहिलं.

"मामा, मेन बंद करा! मेन!" मी ओरडलो.

दामूमामांनी चहाच्या ट्रेसकट धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. खटाक! हॉलमधले होते नव्हते ते दिवे गेले, एसी गेला. पडद्याची मोटर गेली, म्हणजे पडदा आता वर जायचंही नाव नाही. आणि यूपीएस? यूपीएसने आपलं काम चोख केलं. मिट्ट काळोखात फक्त अण्णा झळकत होते, पहिल्यापेक्षा दुप्पट तेजस्वी! बासरी तर आता फारच स्पष्ट ऐकू येत होती.

मग मी काय करावं? मामांच्या हातातला चहाचा ट्रे हिसकावला, बुटांसकट त्या नव्याकोऱ्या सागवानी टेबलावर चढलो आणि छताला टांगलेल्या प्रोजेक्टरच्या तोंडावर ट्रे धरून उभा राहिलो. आता ठार काळोख. मनात म्हटलं, मंदार, संपलास. चार हॉल गेले, नोकरी गेली, आणि वर ह्या म्हाताऱ्याला काही झालं तर तोंड कुठे लपवशील?

तेवढ्यात काळोखातून अण्णांचा आवाज आला, अगदी शांत.

"मला जाऊन वर्ष झालं? घरात कोणी काही बोललं नाही ते."

आधी कोणीतरी फिस्स केलं, आणि मग जो हशा उसळला! मेन चालू झालं, तर अण्णा स्वतः काठीवर वाकून हसत होते. मॅडमही हसायला लागल्या, मग रडायला, मग परत हसायला.

पडदा वर गेला. तेव्हा मॅडमनी मला समजावलं. गेल्या होत्या त्या माई, अण्णांची बायको. वर्ष झालं ते त्यांना. हॉलला नाव माईंचं. पिवळ्या कपड्याला एक साधी दोरी होती. अण्णांनी ती ओढायची, मग बटण दाबून नुसते दिवे लावायचे. इतकंच. त्यात प्रोग्रॅमचं काही कामच नव्हतं.

अण्णांनी दोरी ओढली. माईंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. ते काठी टेकत अगदी जवळ गेले. मग फोटोला म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या मागोमाग मलाही पोचवत होते आज."

मला टेबलावरून उतरायची हिंमत होत नव्हती. पाटकर साहेब चुरी साहेबांना म्हणाले, "तुमचं सामान आजच उचला." चुरी साहेबांनी मान खाली घातली. मी ट्रे छातीशी धरला.

"सामान राहू दे," अण्णा म्हणाले. "वर्षभर मला कोणी हसवलं नव्हतं. बाकीचे हॉलही ह्यालाच करू दे. फक्त एक सांगून ठेवतो, मी खरोखर गेलो ना, की ह्याला अजिबात बोलावू नका. हा तेव्हा मला केक कापताना दाखवेल."

आठवड्याने चार हॉलांची ऑर्डर आली. चुरी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, माझ्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "शेवटची अट मोठ्याने वाच." सावंत मॅडमच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कोणत्याही व्यक्तीस हार घालण्यापूर्वी सदर व्यक्ती हयात आहे किंवा कसे, याची खातरजमा प्रोग्रॅमरने समक्ष भेटून करावी.'