मोबाइलवर न मावलेला फोटो

माझ्या आत्याचं आणि आतोबांचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. आतोबा काच कापायचे, आत्या फोटो बसवायची. अशी तीस वर्षं गेली. आतोबा गेल्यावर मात्र दुकानात तिचं मन रमेना. मी तेव्हा वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात होते आणि आम्हाला फोटो स्कॅन करायला, नीटनेटके करायला माणूस हवं होतं. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. फोटो सरळ आहे की तिरका, तेवढं कळतं."

तेवढ्यावर मालकांनी तिला ठेवून घेतलं. वय वर्षं पंचावन्न. महिन्याभरात ती मालकांसकट सगळ्यांना 'बाळा' म्हणू लागली. वेबसाइट जुळवणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमरला आम्ही घाईसाहेब म्हणायचो. त्यांचा चहा कपात नेहमी अर्धा उरलेला असायचा. आत्या तो मुकाट्याने उचलून ठेवायची.

एकदा एका वृद्धाश्रमाची वेबसाइट आमच्याकडे आली. पहिल्याच पानावर मोठा आडवा फोटो होता. अंगणात ओळीने उभी एकवीस माणसं, राहणारी आणि काम करणारी. आत्याने त्याचा उजेड ठीक केला, तिरकेपणा काढला. लॅपटॉपवर तो झकास दिसला आणि वेबसाइट सुरू झाली.

संध्याकाळी आत्याने घरी भाजी निवडता निवडता तीच वेबसाइट आपल्या जुन्या मोबाइलवर उघडली. भाजी निवडून झाली तरी फोटो उमटत होता. शेवटी उमटला. तिने चेहरे मोजले. नऊच भरले.

सकाळी ती थेट घाईसाहेबांच्या टेबलाशी गेली. "बाळा, बाकीची बारा माणसं कुठे गेली?"

"कुठे जातील आत्या? मोबाइल अरुंद असतो. मधला भाग राहतो, कडा कापल्या जातात. आपोआप होतं ते."

"मग सगळा फोटो दाखव."

"चेहरे मुगाच्या दाण्याएवढे होतील. आणि मोबाइलवर इतकं निरखून कोण बघतं?"

दुपारी मला वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी परगावच्या बहिणीला मोठ्या कौतुकाने वेबसाइट बघायला सांगितली होती. बहिणीने विचारलं, तू कुठे आहेस त्यात? "बाईंची काही तक्रार नाही हो," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "त्या म्हणतात, मी कडेला उभी राहिले, माझंच चुकलं."

मी हे सांगितलं तेव्हा घाईसाहेबांचे हात कीबोर्डवर थांबले. ते आत्याकडे वळून म्हणाले, "आत्या, तुमच्या दुकानात असा लांबट फोटो अरुंद चौकटीत बसवायला आणला, तर काय करायचात?"

"कापायचे नाही. दुसरा, उभा फोटो काढून आणा म्हणायचे."

"मग आपणही तेच करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॅमेरा घेऊन वृद्धाश्रमात गेलो. आत्याने सगळ्यांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं. एका पायरीवर तिघं, अशा सात पायऱ्या. एक आजोबा टोपी आणायला गेले ते अर्ध्या तासाने परतले. स्वयंपाकीणबाई पुन्हा कडेला निघाल्या, तशी आत्याने त्यांचा हात धरला.

"मध्ये मला कसंतरीच होतं," त्या म्हणाल्या.

"होऊ दे. माझ्याकडे बघा म्हणजे होणार नाही."

घाईसाहेबांनी मग मोबाइलसाठी हा उभा फोटो हलका करून ठेवला आणि मोठ्या पडद्यासाठी आडवा तसाच ठेवला. ज्याचा पडदा जसा, त्याला तसा फोटो जाईल, असं वेबसाइटलाच लिहून दिलं. आत्याने मोबाइल उघडला. फोटो पटकन आला. तिने बोट ठेवून एकवीस मोजले आणि घाईसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी त्यांनी चहा बसून प्यायला.

पुढे मालकांनी नियमच केला, की कुठलीही वेबसाइट आत्याच्या मोबाइलवर बघितल्याशिवाय सुरू करायची नाही. तिने तिथे आणखी आठ वर्षं काम केलं. आता ती घरी असते. स्वयंपाकीणबाईंशी तिची तेव्हा गट्टी जमली ती जमलीच. आठवड्यातून एकदा दोघी तास-तासभर फोनवर बोलतात. एवढं काय बोलता म्हणून मी विचारलं, तर आत्या म्हणते, "तुला काय करायचंय?"