वहिनीची चाखून पाहिलेली टोपली

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं की लोक आधी तिचा ताप बघतात. माझं कपाळ थंड आहे. मी माझ्या वहिनीचं कौतुक करणार आहे, तेही हातचं न राखता, आणि ज्याच्या पोटात दुखेल त्यानं आपलं बघून घ्यावं.

वहिनी पाळणाघर चालवते. इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या घराला लागून दोन खोल्या आणि पुढे फरशी घातलेलं छोटं अंगण. वरच्या मजल्यावर माझं शिवणकाम चालतं, त्यामुळे खाली काय चाललंय ते माझ्या कानावर दिवसभर असतंच, आणि कानावर नाही आलं तर मी जिना उतरून जाते. माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, प्लंबर. वहिनी स्वतः लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर होती. तिथे बायका कडेवर पोर घेऊन नळाची तोटी न्यायला यायच्या. ते पोर कुठल्याही खेळण्याला हात न लावता काउंटरवरच्या बिजागरीची उघडझाप करत बसायचं. वहिनी ते बघायची. दुकान बंद पडलं तेव्हा तिनं मालकाकडून निरोपाची भेट म्हणून बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे मागून घेतले आणि पाळणाघर काढलं. आम्हाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

तिच्या पाळणाघरात खेळणी नाहीत. टोपल्या आहेत. एका टोपलीत लाकडी चमचे, गाळणी, कपड्यांचा ब्रश, जाड साखळी, पडद्याच्या कड्या, लोकरीचा गोळा, नळाचं पितळी कोपर, म्हणजे पाइप वळवायचा जोड. दुसरीत नुसते डबे आणि त्यांची झाकणं. तिसरीत मी दिलेल्या चिंध्या, म्हणजे मखमल, गोणपाट, रेशीम, जीन्सचा खिसा. अजून वर्षाची न झालेली पोरं टोपलीशी बसतात आणि चालायला लागलेली टोपली उलटी करतात. वस्तू आत यायची तर आधी दादानं कापून दिलेल्या पाइपच्या तुकड्यातून ती काढून बघायची. पाइपमधून आरपार गेली तर बाद, कारण मग ती घशातही जाईल. या परीक्षेत पास झाली की वहिनी ती ओढते, पिळते, आपटते, उकळत्या पाण्यातून काढते आणि शेवटी स्वतःच्या तोंडात घालते. हो, तोंडात. "पोरं चाखणारच, मग मी आधी चाखायला नको?" असं तिचं म्हणणं. एकदा दादा जेवायला आला तेव्हा वहिनी डोळे मिटून दाराची कडी चाटत होती. त्यानं मला हाक मारली आणि म्हणाला, "तूच विचार बाई, मला हिंमत होत नाही."

वस्तूंपेक्षा अवघड नियम मोठ्या माणसांसाठी आहे. पोर वस्तूशी खेळत असताना शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि तोंड मिटायचं. दाखवायचं नाही, सुचवायचं नाही. पोरानं आपल्याकडे बघितलं तर आपणही बघायचं, बस्स. ऐकायला सोपं वाटतं. मी बसून पाहिलंय. हात असे शिवशिवतात की त्यांच्यावर आपणच बसावं.

आता मुद्द्यावर येते. वहिनीची एकुलती एक मुलगी, माझी भाची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिच्या दीड वर्षाच्या पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. भिंगरी रोज आजीच्या पाळणाघरात. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं झालं. भाचीच्या मैत्रिणीचा मुलगा भिंगरीएवढाच, आणि तो रंग ओळखायचा, प्राण्यांची नावं घ्यायचा, दहापर्यंत आकडे म्हणायचा. भिंगरीला विचारलं "लाल कुठंय?" तर ती विचारणाऱ्याच्या शर्टाचं बटण फिरवून बघायची.

चौकात नवीन बालवर्ग निघाला होता. रंगवलेल्या भिंती, भिंतीभर टीव्हीचा पडदा, त्यावर गाणारी अक्षरं. भाचीनं भिंगरीला तिथे न्यायचं ठरवलं, तर कळलं की आधी मुलाखत असते. जिच्या दाढा अजून यायच्या होत्या तिची मुलाखत! तिथल्या बाईंनी प्रेमानं रंगीत पत्ते दाखवले. आमची भिंगरी टेबलाखाली गेली. बाईंच्या खुर्चीला चाकं होती, ती तिनं आधी एक, मग दुसरं अशी फिरवायला घेतली, आणि खुर्ची बाईंसकट हळूच मागे सरकली. बाई हसल्या, पण भाची हसली नाही.

संध्याकाळी ती पाळणाघरात आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच.

"आई, त्या मुलानं सगळे रंग सांगितले. हिला एक येत नाही. दिवसभर काय करते ती इथे? झाकणं वाजवते!"

"वाजवते. मग?" वहिनी म्हणाली.

"मग काय? लोकांची पोरं पुढे चालली आणि माझी भंगारात बसलीय! तिथून होकाराचा फोन येऊ दे, पुढच्या महिन्यापासून मी तिला तिकडे घालणार."

वहिनीची जीभ तशी तलवार आहे. त्या दिवशी मात्र ती म्यानातच राहिली. 'भंगार' हा शब्द तिला लागला होता आणि मला तो तिच्याहून जास्त लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझ्या हातावर चिमटा काढला.

पोटच्या पोरीनं नातीला काढून न्यायचं, हे दुःख तर होतंच. पण गोष्ट तेवढ्यावर थांबणार नव्हती. पाळणाघरातल्या दोन पोरांच्या आया दारात घुटमळून विचारून गेल्या, "तुमची नातपण तिकडे चाललीय म्हणे?" सख्ख्या मुलीचाच भरवसा नाही तर परक्यांनी का ठेवावा? महिनाभरात टोपल्यांना कुलूप लागलं असतं. वहिनी रात्रीचं जेवण पुढे घेऊन नुसती बसायची, आणि दादा नळ दुरुस्त करायचं निमित्त काढून घरभर फिरायचा. नळ सगळे ठीक होते.

शेवटी वहिनीनं लेकीला फोन केला. "ने तिला, मी आडवी येत नाही. पण एक सकाळ इथे येऊन बस. फक्त बस. मग तू ठरवशील ते खरं."

भाची सुट्टी घेऊन आली. माझ्या खांद्याला जरा आखडल्यासारखं झालं म्हणून मशीन बंद करून मीही खाली गेले. खांद्याला काही झालं नव्हतं.

भिंगरीनं डब्यांची टोपली उलटी केली. वेगवेगळ्या मापांचे स्टीलचे डबे आणि तेवढीच झाकणं फरशीवर घरंगळली. ती एक झाकण उचलून डब्यावर ठेवायला लागली. मोठं होतं, सरकून पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. भाचीनं योग्य झाकण हळूच पायानं तिच्याजवळ सरकवलं. वहिनीनं ते पाहिलं. भिंगरीनं ते झाकण उचललं तशी भाची जोरात म्हणाली, "शाब्बास!" भिंगरी दचकली आणि झाकण हातातून पडलं. मग भाचीला राहवलं नाही. तिनं डबा घेतला, झाकण बसवलं आणि म्हणाली, "हे बघ, असं." भिंगरीनं आईकडे पाहिलं, एकेक करून सगळे डबे आईच्या मांडीत आणून टाकले आणि ब्रश घेऊन निघून गेली.

भाचीचा चेहरा पडला. "मी तर मदत केली."

"करावीशी वाटतेच गं," वहिनी म्हणाली. "डबे ठेव परत खाली. येईल ती."

मी वरून उसवलेली लोकर आणली आणि भाचीला गुंडाळायला दिली. रिकामे हात म्हणजे नसते उद्योग, हे मला शिंपीकामानं शिकवलंय. बराच वेळ गेला. खिडकीशी एक पोर पडद्याच्या कडीतून बाहेर बघत होतं, दुसरं साखळी डब्यात सोडून आवाज ऐकत होतं. भिंगरी फेरफटका मारून डब्यांशी परतली.

पुन्हा तेच. ठेवलं, पडलं. एकदा चिडून तिनं झाकण भिरकावलं. भाचीचे हात लोकरीत घट्ट आवळलेले मला दिसत होते. भिंगरीनं झाकण आणलं, उलटं करून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं, मग डब्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. पुन्हा ठेवलं. आणि ते बसलं. टक्क असा आवाज झाला.

मी टाळी वाजवणारच होते. भिंगरीनं लगेच झाकण उघडलं.

"अगं बाई, लागलं होतं ना!" भाची कुजबुजली. "उघडलं कशाला?"

"तिला डबा कुठे बंद करायचाय?" वहिनी तितक्याच हळू म्हणाली. "कसा बंद होतो ते तिला बघायचंय."

भिंगरीनं ते परत लावलं, परत उघडलं, आणि मग दुसऱ्या डब्याकडे वळली. इथे भाची एकदम पुढे वाकली. लोकर मांडीवरून घरंगळली, तिला शुद्ध नव्हती.

"आई, तिचे डोळे बघ."

"काय झालं डोळ्यांना?" वहिनी घाबरली.

"काही झालं नाही. बघ ना. डब्याकडे, झाकणाकडे, परत डब्याकडे. ते मोठं झाकण आता ती उचलतच नाहीये. नुसतं बघून सोडून देतेय. मघाशी हातानं करून बघत होती, आता डोळ्यांनी मापतेय!"

वहिनी बघत राहिली. खरंच, भिंगरीनं मोठ्या झाकणावरून नजर फिरवली, ते तिथेच ठेवलं आणि पलीकडचं लहान उचललं. टक्क.

"इतकी वर्षं बसतेय मी इथे," वहिनी म्हणाली, "हात बघितले, तोंड बघितलं. डोळे असे कधी बघितले नव्हते."

"माझं तर रोजचं तेच काम आहे," भाची म्हणाली. तिच्या आवाजात मूठभर मांस चढलेलं मला ऐकू आलं. लेकीचा अभिमान होता, स्वतःचा होता, आणि लपवत होती तरी आईचाही होता. माझ्यापुरतं सांगते, त्या घटकेला माझ्या वहिनीसारखी बाई या पृथ्वीतलावर दुसरी नाही असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

दुपारी बालवर्गातून फोन आलाच. जागा होती. भाची अंगणात जाऊन बोलली, आणि मी अर्थातच खिडकीशी गेले. "नको, धन्यवाद. नाही, फीचा प्रश्न नाही. खुर्चीचा तर मुळीच नाही, तुम्ही फार समजून घेतलंत. ती आजीकडेच राहील. तिचं तिथे शिकणं चाललंय." मग थोडं थांबून, "रंग? येतील की. घाई नाही." मागे दादा स्वयंपाकघरातल्या नळाखाली वाकून ऐकत होता. त्यानं सरळ होताना डोकं बेसिनला आपटून घेतलं.

आता शेवटचं सांगते. भाची रोज सकाळी पोरीला सोडताना दारात सूचनांचा पाढा म्हणायची. हे देऊ नको, ते तोंडात घालू देऊ नको, झोपली नाही तर फोन कर, पडली तर फोन कर. वहिनी मान डोलावून डोलावून थकायची. दुसऱ्या दिवशी भाची आली, भिंगरीला खाली ठेवलं, तिचा पापा घेतला आणि वळली. वहिनी सवयीनं तिच्यामागे दारापर्यंत गेली.

"अगं, काही सांगायचंय का?"

"नाही. उशीर होतोय मला," भाची म्हणाली आणि झपझप निघून गेली.

वहिनी दारातच उभी. मी जवळ जाऊन बघते तर डोळ्यांना धार लागलेली.

"आता काय झालं रडायला?" मी म्हटलं.

"इतके दिवस माझ्याकडे पोर ठेवून जायची," वहिनी म्हणाली. "आज सोपवून गेली."