काकूंचा अर्धा गुण

गेल्या गणपतीत आमच्या वसाहतीच्या मोदक स्पर्धेत शेजारच्या काकांवर पक्षपाताचा आरोप झाला. वर्तकनगरात कुणाचा विश्वास बसला नाही. या शब्दाला काकांइतका भिणारा माणूस सबंध ठाण्यात नसेल.

काका निवृत्त शिक्षक. मुलगा त्यांच्याच वर्गात असताना त्याचा पेपर ते दोनदा तपासत आणि दोन्ही वेळा गुण कमी करत. गॅलरीतल्या कुंड्या ते रोज फिरवतात. उन्हाच्या बाबतीत तुळशीलाही सवलत नाही. क्रिकेटचा सामना असला की टाळ्या दोन्ही बाजूंना. त्यांच्याबरोबर सामना पाहणारा माणूस दमून घरी जातो. ‘पक्षपात म्हणजे आपल्या माणसाला एक घास जास्त,’ असं ते येईल त्याला समजावत. आतून काकू विचारायच्या, ‘आणि एक घास कमी, त्याला काय म्हणता हो?’ काका उठून पंख्याचा वेग बदलत.

मोदक स्पर्धेचे ते कायमचे परीक्षक. ताटांवर नावं नसत, नुसते क्रमांक. घरातला वासही नाकात जाऊ नये म्हणून त्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडत. पण काकूंच्या सारणात सुंठ असे. ती जिभेला लागली की काका अर्धा गुण कापत. काकूंचा दुसरा नंबर सगळ्यांना पाठ झाला होता.

गेल्या वर्षीही सुंठ लागली, अर्धा गुण गेला. दुसरी आली ती वरच्या मजल्यावरची, कळव्याहून लग्न होऊन आलेली सून.

‘काका, काय कमी होतं माझ्या मोदकांत?’ तिने मंडपातच विचारलं.

‘सुंठ...’ काका थांबले. ‘तू घातलीस?’

‘काकूंनीच शिकवलं. त्यांनी यंदा भाग कुठे घेतलाय? हात वळत नाही त्यांचा. तुम्हाला माहीत नाही?’

‘अरे, मग हा पक्षपातच झाला की!’ मागून कुणीतरी म्हणालं.

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग गुणपत्रिका दुरुस्त केली, सुनेला पहिला नंबर दिला आणि परीक्षकपद सोडलं.

यंदा काकांनी स्पर्धेत भाग घेतला. सारण काकूंनी सांगितलं, मोदक काकांनी वळले. बहुतेक फुटले. नंबर आला नाही. उरलेले मोदक काकांनी घरी दोन ताटल्यांत वाढले, तेव्हा मी समोर होतो. काकूंच्या ताटलीत एक जास्त होता.